पेटीवरचा राखाडी

१२ जानेवारी

ती. वहिनींना,
कृ. सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही. म्हणजे एकतर तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात, नाहीतर शाळेच्या गणवेशांची शिलाई अंगावर घेतली आहे. दुसरं असलं तर बरं. इकडे सगळं ठीक. जिना उतरताना माझा गुडघा कुरकुरतो, आणि मी कुठेही बसलो की तुमची धाकटी जाऊ कुरकुरते. दोन्हींची सवय झाली आहे.

आता कामाचं. दादांच्या हवाई दलातल्या तुकडीतली जी काही म्हातारी मंडळी उरली आहेत, त्यांनी विमानतळाबाहेरच्या जुन्या कचेरीत एक खोली मिळवली आहे. तिथे तुकडीच्या आठवणी मांडायच्या आहेत. खरं विमान केव्हाच भंगारात गेलं, म्हणून त्याचं मॉडेल ठेवायचं ठरलं आणि ते काम त्यांच्या सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात मारलं. गळ्यात मारलं म्हणतो खरा, पण मी उडीच मारली. जन्मभर दवाखान्यांसाठी लोकांच्या कवळ्या केल्या; निवृत्त झाल्यापासून प्लॅस्टिकची विमानं जोडतो, आणि घरात त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. या मॉडेलखाली मात्र पाटी लागणार आहे, आणि तिच्यावर ‘रंगकाम’ या शब्दापुढे दादांचं नाव. हे ऐकून धाकटीनेच मला टेबलावर जागा करून दिली.

जोडणी झाली. घोडं अडलं आहे ते विमानाच्या पोटाच्या रंगावर. पुस्तकात त्याला ‘सागरी राखाडी’ म्हटलं आहे. मी तीन कंपन्यांच्या तयार बाटल्या आणल्या. तिन्हींवर नाव तेच आणि आत तीन तऱ्हा. एक शेवाळाकडे झुकते, एक निळीकडे, आणि तिसरी म्हणजे ओलं सिमेंट. त्यात दादाच सांगायचे की विमान रंगवताना राखाडी संपत आला की डब्यात उरलासुरला निळा घालून वेळ भागवायची. म्हणजे पुस्तकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. खरा रंग आता एकाच ठिकाणी आहे, तुमच्या पलंगाखाली. दादांनी उरलेला रंग घरी आणून जी पत्र्याची पेटी रंगवली होती, तिच्यावर.

सोबत रंगवलेले तीन पुठ्ठे पाठवतो आहे. पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूला एकेक धरून बघा, कारण बाहेरची बाजू उन्हाने विटली असणार. सकाळी, खिडकीशी, दिवा न लावता. टक लावून बघत बसू नका. एक नजर टाकायची, मग भिंतीकडे बघून डोळे ताजे करायचे, मग पुन्हा एक नजर. दाताची छटा आम्ही अशीच जुळवायचो. कंटाळा आला तर पेटी जराशी खरवडून चिमूटभर रंग पाकिटात घाला, म्हणजे तुमची कटकटच मिटेल.

धाकटीचा नमस्कार. उत्तर लवकर पाठवा, आणि लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमचा धाकटा दीर


२१ जानेवारी

चि. भाऊजींना,
अ. उ. आ.

तुमचे पिकलेले केस आठवले की ‘चिरंजीव’ लिहिताना हसू येतं, पण मानाने धाकटे ते धाकटेच.

मी रागावले नव्हते. आता रागावले आहे. पेटी खरवडायची? असं लिहायला तुमचा हात तरी कसा धजला! ही पेटी ह्यांनी अंगणात रंगवली तेव्हा वाळली का ते बघायला मी बोट लावलं, तर ह्यांनी सगळ्या शेजारापाजारासमोर माझा उद्धार केला होता. त्या बोटाचा ठसा अजून झाकणावर आहे. तिला ओरखडा काढू देईन होय मी? शेजारणीने मोबाईलवर फोटो काढून बघितला. ती म्हणते, खिडकीशी काढला तर पेटी निळी आली आणि दिव्याखाली काढला तर पिवळी, म्हणून तो नाद सोडला.

मग तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. सकाळ, खिडकी, भिंत, नजर. आणि भाऊजी, तुमचे तिन्ही पुठ्ठे एकाच रंगाचे आहेत! पेटीही तशीच. तेव्हा एकतर तुम्ही तिन्ही वेळा एकाच बाटलीत ब्रश बुडवलात, नाहीतर म्हाताऱ्या वहिनीची फिरकी घेताय. तुमच्या स्वभावावरून दुसऱ्याचीच शक्यता जास्त.

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय खरं. रात्रंदिवस मशीन चालू आहे. हल्ली बल्बसुद्धा पूर्वीसारखे येत नाहीत, नवा लावला तरी उजेड मिणमिणता. शेजारणीला म्हटलं तर ती म्हणते तिच्याकडे लख्ख आहे. तिचं सगळंच लख्ख असतं.

धाकटीला म्हणावं, रिकामटेकडा असला तरी नवरा घरात आहे, तेवढं गोड मानून घे. गुडघ्याला जपा. या घराला विसरू नका.

तुमची,
वहिनी


३० जानेवारी

ती. वहिनींना,
कृ. सा. न. वि. वि.

फिरकी घेत नाही, शपथ. तुमचं पत्र वाचून मीच चक्रावलो. वाटलं, खरंच घाईत एकाच बाटलीत तीनदा ब्रश बुडवला की काय. वयाचा काय भरवसा! म्हणून नवे पुठ्ठे केले आहेत आणि पुढच्याच बाजूला कोपऱ्यात आकडे घातले आहेत. एक नंबर हिरवट. दोन नंबर माझं स्वतःचं मिश्रण. तीन नंबर चांगला निळसर. या वेळी फरक मुद्दाम मोठा ठेवला आहे. हे तर तुम्ही डोळे मिटूनसुद्धा ओळखाल.

दुसरी एक गंमत सांगतो. पेटीशी तंतोतंत जुळलेला रंगही मॉडेलला तसाच लावून चालत नाही. एवढ्याशा विमानावर तो गडद वाटतो. मोठं विमान लांबून बघताना मधली हवा रंग फिकट करते, म्हणून मॉडेलच्या रंगात थोडा पांढरा घालावा लागतो. हे धाकटीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, मग एवढं जुळवायचं तरी कशाला? मी म्हटलं, पण आधी नेमका रंग हातात आला पाहिजे, मग त्यात काय घालायचं ते घालता येतं. नाहीतर चुकीच्या रंगात पांढरा घालून तो फिकट चुकीचा होईल, एवढंच.

जेवणाचं टेबल बाटल्यांनी भरून गेल्यामुळे आम्ही सध्या ओट्याशी उभ्याने जेवतो. त्यामुळे तुमचं उत्तर लवकर आलं तर माझा संसार टिकेल.

माया असू द्या.

तुमचा धाकटा दीर


८ फेब्रुवारी

चि. भाऊजींना,
अ. उ. आ.

आता मात्र कमाल झाली तुमची. आकडे तेवढे वेगळे आहेत, एक, दोन आणि तीन. रंग तोच. तीन नंबर निळसर म्हणता, कुठे आहे निळा? मी खिडकीशी धरला, दारात धरला, अंगणात जाऊन उन्हात धरला. शेवटी तिन्ही पेटीवर ठेवून वरून तुमच्या नावाने बोटं मोडली. तुमच्या दुकानदाराने तुम्हाला गंडवलं आहे, जाऊन भांडा त्याच्याशी.

माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही. शाळेच्या बाईंनी गणवेशांचा अख्खा गठ्ठा परत आणून माझ्या मशीनवर आपटला. काय तर म्हणे निळ्या कापडावर काजं हिरव्या दोऱ्याने केलीत. जन्म गेला माझा दोरे जुळवण्यात! ह्यांच्या माघारी या मशीनवर घर चालवलं आणि पोरीला शिकवून सासरी पाठवली ती काय हिरवी काजं करून? मी त्यांना तोंडावर सांगितलं, बाई, चष्मा बदला. त्या गठ्ठा तसाच टाकून निघून गेल्या. पुढच्या वर्षीचं काम म्हणे दुसरीकडे देणार आहेत. द्या म्हणावं. पण खरं सांगते, त्या दिवसापासून घास गोड लागत नाही.

धाकटीला उभ्याने जेवायला लावता, लाज नाही वाटत? टेबल मोकळं करा. राग मानू नका, आणि मानलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहितो आहे, तेव्हा वाकडं वाटलं तरी शेवटपर्यंत वाचा.

मी ते तिन्ही पुठ्ठे पाठवताना त्यांचा जोड माझ्याकडे ठेवला होता. तुमचं पत्र आल्यावर तो टेबलावर मांडला आणि धाकटीला दारातूनच विचारलं. तिने चष्मा न लावता सांगितलं, एक हिरवट, एक निळा आणि एक मधला. समोरच्या दुकानदारानेही तेच सांगितलं. पुठ्ठे वेगळे आहेत, वहिनी. आणि शाळेच्या बाईंचा चष्माही ठीकच असावा.

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना असंच झालं होतं. दाताची छटा सांगायचे ती हटकून पिवळट. आम्हाला वाटायचं साहेबांची लहर. मग कळलं की मोतीबिंदू आहे. त्यात डोळ्यातली काच जुन्या वार्निशसारखी पिवळी होते आणि निळा रंग आधी मरतो. हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. वाटतं, बल्बच वाईट येतात.

त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. साधं असतं, सकाळी जाऊन दुपारी घरी. तुम्ही याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही एकट्या राहता, रस्ता ओलांडता, मशीनच्या सुईखाली बोटं घालता. मॉडेल थांबेल. त्याची काही घाई नाही.

रागवा हवं तर, पण दाखवून या.

तुमचा धाकटा दीर


२२ फेब्रुवारी

चि. भाऊजींना,

तुमचं पत्र वाचलं. डोळे शाबूत आहेत म्हणूनच वाचता आलं. विमान तुम्हाला हव्या त्या रंगात रंगवा, लाल रंगवलंत तरी माझं काही म्हणणं नाही. तुमचे पुठ्ठे मी चहाच्या कपाखाली ठेवायला घेतले आहेत.

धाकटीला आशीर्वाद. तुम्हाला या खेपेला नाहीत.

वहिनी


३ मार्च

चि. भाऊजींना,
अ. उ. आ. (मागचेही यातच धरून घ्या.)

तुम्हाला तसं लिहून टाकलं, पण मनातून जाईना. शेवटी दोऱ्यांचा खण मशीनवर पालथा केला. निळी रिळं एका बाजूला लावली, हिरवी दुसऱ्या बाजूला, अगदी शांतपणे, उजेडात. मग शेजारणीला हाक मारली आणि म्हटलं, बघ गं जरा. तिने एक रीळ उचलून इकडचं तिकडे ठेवलं. मग दुसरं. मग आणखी. भाऊजी, मी तीच रिळं पुन्हा हातात घेऊन बघितली, मला ती होती तिथेच बरोबर वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वेळ काढला तर पुढे सुईत दोरा ओवणंही जमायचं नाही, म्हणाले. म्हणजे मी करू काय? पांढऱ्या चादरींना शेजारणीच्या डोळ्यांनी टीप मारत बसू? मशीनवर बसता आलं नाही तर दिवस कुठे घालवू ते मला माहीत नाही. पोरीकडे जाऊन कोपऱ्यात बसायचं माझ्याच्याने होणार नाही.

डॉक्टर चांगला आहे, पोरसवदा आहे, हसून म्हणाला, आजी, साधं ऑपरेशन आहे. तिथेच माझं बिनसलं. तुम्हीही ‘साधं’च लिहिलंत. ह्यांच्या वेळीही सगळे साधंच म्हणत होते. पोटाचं साधं ऑपरेशन. आता जिथे माझं व्हायचं आहे त्याच इस्पितळात चालत गेले, स्वतःची पिशवी स्वतः घेऊन. मी घरी ह्यांच्यासाठी पातळसं काहीतरी शिजवत होते. तुम्ही दारात आलात. तुमचा चेहरा बघितला आणि मी गॅस बंद केला. पुढचं काही आठवत नाही. हृदयच थांबलं, कुणाची चूक नव्हती, हे सगळं मला पाठ आहे. पण त्या दारातून आत जायचं म्हटलं की ह्यांची ती पिशवी डोळ्यांसमोर येते. आजवर हे कुणाला सांगितलं नाही, पोरीलाही नाही.

तारीख घेतली आहे. पुढच्या सोमवारनंतरचा सोमवार. पण एक अट. मी आत जाईन तेव्हा दाराशी तुम्ही हवे. पोर येते म्हणते आहे, तिला मी नको सांगितलं, तिच्यासमोर मला रडता यायचं नाही. तुमच्यासमोर येईल. गुडघा दुखत असेल तर तो तिकडे ठेवून या.

तुमची,
वहिनी


१० मार्च

ती. वहिनींना,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी दुपारपर्यंत पोचतो. गुडघा बरोबर आणतो आहे, त्याला एकट्याला धाकटीकडे ठेवणं बरं दिसत नाही.

तुम्ही मुळीच काळजी करू नका. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मी तर अजिबात घाबरलेलो नाही. बाटल्या, पुठ्ठे आणि ब्रश सगळं बरोबर घेतो आहे. येतोच आहे तर पेटी मीच डोळ्यांनी बघून रंग जुळवतो, म्हणजे तेही काम उरकेल. सेक्रेटरींना सांगून ठेवलं आहे की खोली उघडायची असली तर उघडा, विमान मागाहून उतरेल.

रात्री नीट झोपत जा. बाकी भेटीत.

तुमचा धाकटा दीर


६ एप्रिल

चि. भाऊजींना,
अ. उ. आ.

हे पत्र मी उजव्या डोळ्याने लिहिते आहे. अक्षर सुधारलंय का बघा.

आधी माफी मागते, एकदाच, पुन्हा मागणार नाही. तुम्ही एवढे लांबून बाटल्या वागवत आलात आणि मी पेटीवर चादर घालून वर बसून राहिले. दोन दिवस तुम्हाला झाकण उचलू दिलं नाही. शेजारीण मला वेडी म्हणाली. पण ह्यांच्या हाताचा रंग मी ओळखायचा आणि तुम्ही लावायचा, असंच व्हायला हवं होतं. मी अंघोळीला गेल्यावर चोरून बघितलं नसेल असं धरून चालते.

आता डोळ्याचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आठ-पंधरा दिवस ताण द्यायचा नाही, म्हणून थांबले. भाऊजी, घर किती घाण आहे हो माझं! भांड्यांवर डाग, कोपऱ्यात जाळी, आणि आरशातली बाई कोण ते मी आधी ओळखलंच नाही. भिंत पिवळी पडली म्हणून रंगाऱ्याशी हुज्जत घालायच्या बेतात होते. भिंत पांढरीशुभ्र आहे. निळ्या रिळांकडे तर मी बघतच बसले. एवढा निळा असतो निळा? गणवेश काढून बघितले आणि लाजेने मेले. हिरवीगार काजं! सगळी उसवली, पुन्हा केली आणि गठ्ठा स्वतः शाळेत नेऊन दिला. बाईंना म्हटलं, तुमचा चष्मा झकास आहे. त्या हसल्या. पुढच्या वर्षीचं बघू म्हणाल्या, म्हणजे मिळेल.

पुठ्ठे. चहाचे डाग पुसून काढले, तेवढं चालवून घ्या. डावा डोळा झाकून बघितलं की तीन रंग, उजवा झाकून बघितलं की एकच. मी सकाळभर झाकाझाकी करत बसले होते. तुमची कीव आली मला, कुणाशी गाठ पडली होती! झाकणाच्या आत धरून बघितलं तर एक नंबर मुळीच नाही. दोन नंबर जवळ आहे पण मेलेला दिसतो. त्यात तीन नंबरचा निळा घाला, थोडाच, चहात साखर कमी पडली की वरून घालतो तेवढा. ह्यांनी तसाच केला असणार. तुमचा पांढरा त्यानंतर. खाली पाटी लावाल तेव्हा ‘रंगकाम’ पुढे ह्यांचं एकट्याचंच नाव राहू दे, आपली दोघांची उगाच लुडबुड नको. खोलीत विमान टांगायच्या दिवशी मी येणार आहे आणि खालून पोट बघणार आहे.

आणखी एक. हे समोरासमोर बोलले असते तर तुम्ही उठून पाणी प्यायला गेला असता, म्हणून लिहिते. मला त्या दारातून आत नेलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं. तुम्ही हात हलवून हसत होता. मला म्हणालात, गंमत असते, कळणारही नाही. तेवढ्या हसण्यावर मी आत गेले. खरंच काही कळलं नाही. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली, नर्स म्हणाली, चला आजी, चालत जा. मी चालत बाहेर आले. माझ्या पायांनी, माझी पिशवी घेऊन.

आणि बाकावर तुम्ही बसला होता. डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी बाकाची कड धरून, ओठ पुटपुटत होते. मी समोर येऊन उभी राहिले तरी तुम्हाला पत्ता नाही. त्या डाव्या धूसर डोळ्यानेसुद्धा मला दिसलं की तुमचा सदरा घामाने भिजला आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यांच्या वेळी बाकावर तुम्ही एकटेच होता, आणि घरापर्यंतचा रस्ताही तुम्ही एकट्यानेच चालत आला होता. मी इतकी वर्षं माझंच दुःख कुरवाळत बसले, तुमचं कधी विचारलंच नाही. मी हाक मारायचं धाडस केलं नाही. तुमच्या शेजारी बसले आणि तुम्ही डोळे उघडेपर्यंत बसून राहिले.

डाव्या डोळ्याची तारीख महिनाअखेरची मिळाली आहे. या. या खेपेला धाकटीलाही आणा, बाकावर तुमच्या शेजारी कुणीतरी हवं. आणि डोळे उघडे ठेवून बसा. मी बाहेर येताना दिसायला हवी.

तुमची,
वहिनी